आम्ही ‘हा’मध्ये होतो तेव्हा

यंदाच्या दिवाळीला माझी धाकटी नणंद चार दिवस आमच्याकडे नांदगाव पेठेला आली होती. भाऊबीज झाली, ओवाळणं झालं, पाहुणे पांगले, आणि रात्री आम्ही दोघी उरलेला फराळ डब्यांत भरत बसलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, “वहिनी, एक विचारू? तुम्ही लहानपणी मिलिटरीत राहिलेल्या आहात, म्हणून तुम्हालाच विचारते.”

नंदावे फौजेत आहेत. येत्या एप्रिलमध्ये त्यांना तेजपूरला क्वार्टर मिळायची आहे, म्हणजे दोन-तीन वर्षं तरी बिऱ्हाड तिकडे करता येईल. धाकटी दुसरीत आहे, ती आईबरोबर जाणार यात प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो मुलाचा. तो सातवीत. सासू-सासरे म्हणतात, त्याला अमरावतीलाच राहू दे. आता आठवी, मग नववी, दहावी, शिकवणीचा क्लास लावलेला, कशाला त्याची घडी मोडता? नणंदेच्या जावेचं तेच मत, आमच्या ह्यांचंही तेच. “सगळे एकच सांगतात, वहिनी. मग ते बरोबरच असेल ना? तुम्ही काय म्हणता?”

मी चकलीच्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, “विचार करून सांगते.”

तुम्ही म्हणाल, यात एवढा विचार कसला करायचा? पण मैत्रिणींनो, १९९८ साली अगदी हाच निर्णय आमच्या माहेरी झाला होता. तेव्हा सातवीत होता तो माझा दादा, आणि आईबाबांबरोबर गेली ती मी. त्या तीन वर्षांबद्दल मी आजवर मैत्रिणींना, शाळेतल्या मुलांना हौसेनं पुष्कळ सांगितलं आहे. पण नेहमी अर्धंच सांगितलं, असं आता वाटतं. आज सगळं सांगते.

माझे बाबा लष्कराच्या वैद्यकीय दलात हवालदार होते, नर्सिंग असिस्टंट. १९९८ च्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली ती थेट परदेशात, भूतानमध्ये. गावाचं नाव ‘हा’. एवढंच, एक अक्षर! आमचं गाव गुरुकुंज मोझरीजवळचं. आजोबांना बदलीचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हा म्हणजे कोणता हा?” आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात तो विनोदच झाला होता.

परदेशात आपली फौज काय करते, असं तुम्हाला वाटेल. भारत आणि भूतान यांच्यात १९४९ साली दार्जिलिंगला मैत्रीचा करार झाला. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा तिकडे जायला मोटारीचा रस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावर बसून त्यांना पारोला पोचावं लागलं, आणि बरोबर इंदिराबाईही होत्या. पुढे १९६१ मध्ये आपल्या सीमा सडक संघटनेनं ‘दंतक’ नावानं भूतानमध्ये रस्ते बांधायला घेतले, आणि १९६२ मध्ये भूतानच्या सैन्याला शिकवण्यासाठी भारतीय लष्कराचं एक पथक हा गावी जाऊन राहिलं. इंडियन मिलिटरी ट्रेनिंग टीम. सगळे त्याला ‘इम्ट्रॅट’ म्हणतात. ते पथक अजूनही तिथेच आहे. म्हणजे लढाईचा तळ नव्हे, शिकवण्याचा. पण तळ तो तळच. सकाळी बिगूल, संध्याकाळी बिगूल, फाटकावर पहारा, आणि फाटकाबाहेर सगळा परमुलूख.

दादाला का नेलं नाही? कारण कॅम्पातली मुलांची शाळा पाचवीपर्यंतच होती. पुढच्या शिक्षणाचं काय करायचं यावर आमच्या ओसरीत दोन रात्री खल झाला. आजी शेवटी म्हणाली, “पोट्ट्याले कायले नेता तिकडं थंडीत? राहू द्या माह्यापाशी. मी सांभाळतो त्याले.” आजीनं सांभाळलंही, अगदी जिवापाड. तिच्या मायेत मी आजही खोट काढणार नाही. त्या दोन रात्री दादा आतल्या खोलीत अंथरुणावर पडून होता. झोपलेला होता असं सगळ्यांनी धरलं होतं.

जायचा प्रवास मला आठवतो तो वासांवरून. न्यू जलपाईगुडीला आगगाडीतून उतरलो, मिलिटरीच्या गाडीत बसलो, ताडपत्रीचा वास, डिझेलचा वास, मग चहाचे मळे. फुंत्शोलिंगला भूतानची वेस लागते. अलीकडे जयगाव, पलीकडे फुंत्शोलिंग, मध्ये एक रंगीत कमान. कमानीच्या अलीकडे आरडाओरड, हॉर्न, चिखल; पलीकडे पाऊल टाकलं की एकदम शांत. आपल्या रुपयाच्या नोटा तिकडे चालतात, कारण त्यांचा न्गुलत्रुम आपल्या रुपयाबरोबरीचाच ठेवलेला आहे. आईचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं होतं, परदेशी नोटा मोजता येणार नाहीत.

तिथून पुढे सारा दिवस घाट. चुझोम नावाच्या जागी पारो आणि थिंफू या दोन नद्या एकत्र येतात, तिथून हाचा रस्ता फुटतो. मला तीनदा उलटी झाली. आणि मग संध्याकाळी दरी एकदम रुंद झाली आणि नदीकाठी आमचा कॅम्प दिसला.

‘हा’ साधारण २७०० मीटर उंचीवर आहे. आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त! समोर तीन सारख्या टेकड्या शेजारी शेजारी उभ्या, त्यांना तिथले लोक फार मानतात. एक पांढरं देऊळ, एक काळं देऊळ. कॅम्पाचं मुख्य ठाणं एका जुन्या झोंगेत, म्हणजे आपल्या भाषेत गढीच म्हणा ना. आणि डोंगराच्या पलीकडे तिबेट, चिनी सैन्य. परदेशी प्रवाशांना हा खोरं खुलं झालं तेच मुळी २००२ साली, म्हणजे आम्ही परत आल्यावर.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. लाकडी जमीन, आणि मधोमध बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी, जिचं धुराडं छपरातून वर जातं. थंडीच्या दिवसांत नळाचं पाणी गोठायचं. सकाळी आई आधी बुखारी पेटवायची, तिच्यावर पाण्याचा डबा ठेवायची आणि मगच मला उठवायची. ओले कपडे बाहेर वाळत घातले तर काठीसारखे कडक व्हायचे. बाबांचा लेंगा उभा राहतो हे बघून मी हसून हसून लोळले होते.

आता स्वयंपाकाचं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाची ना कुणाची बदली होतच असेल थंड हवेच्या जागी. पहिल्या आठवड्यात आईची तुरीची डाळ काही केल्या शिजेना. तिला वाटलं डाळच वाईट आहे. शेजारच्या सातारच्या काकूंनी सांगितलं की इथं डाळीला नावं ठेवू नका, उंचीला ठेवा. इतक्या वर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी शंभर अंशांपर्यंत जातच नाही, नव्वद-एक्याण्णवलाच उकळतं. मग उघड्या पातेल्यात डाळ शिजणार कशी? कुकरच पाहिजे, आणि शिट्ट्या दुप्पट. आईनं आदल्या रात्री डाळ भिजत घालायला सुरुवात केली. भात मोकळा हवा असेल तर पाणी किंचित जास्त घालायचं, हेही तिनं तिथंच शिकून घेतलं.

रेशनमध्ये आटा मिळायचा, तांदूळ मिळायचा, ज्वारी कुठली मिळायला! आई गावाहून दहा किलो ज्वारी घेऊन गेली होती. पीठ नेलं तर कडू होईल म्हणून दाणे नेले, आणि दळायचं कुठे ते ठाऊक नाही. नदीकडच्या वस्तीतली एक बाई आमच्याकडे दूध घालायची. तिला आम्ही ‘आउम’ म्हणत असू. मोठ्या बाईला तिकडे तसंच म्हणतात. ना तिला मराठी, ना आईला झोंगखा. आईनं मूठभर ज्वारी तिच्या हातावर ठेवली आणि हातानं जातं फिरवून दाखवलं. आउम हसली आणि आम्हाला ओढ्यावरच्या पाणचक्कीवर घेऊन गेली. तिथं कुट्टू दळत होता. आपल्याकडे उपासाला मिळतो ना, तोच. त्याच दगडांत आमची वऱ्हाडातली ज्वारी दळली गेली. भाकरीला कुट्टूचा किंचित कडसर वास आला होता, पण बाबांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागितली.

त्या बदल्यात आईनं आउमला वाळवलेल्या भरल्या मिरच्या दिल्या. अहो, भूतानचे लोक मिरचीला मसाला समजतच नाहीत, भाजी समजतात! ‘इमा दात्शी’ म्हणजे मिरची आणि चीज, बस्स, दुसरं काही नाही. शरद ऋतूत सगळ्या गावाची छपरं लाल दिसतात, कारण छपरांवर मिरच्या वाळत घातलेल्या असतात. आई ते पाहून म्हणाली होती, “हे तर आपलेच लोक!” वऱ्हाडी माणसाला तिखटानं जवळचं वाटतं ते असं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर कॅम्पातल्या बायका तासन्‌तास बोलत. भूतानच्या त्या भागात घर आणि शेत पुष्कळदा आईकडून मुलीला मिळतं. लग्न झालं की जावईच बायकोच्या घरी नांदायला येतो, आणि त्यात त्याला कुणी हसत नाही. लग्नानंतर बाईचं नावही बदलत नाही. आउमचा नवरा तिच्या घरी आला होता, गाईंचं शेण तोच काढायचा. आई एकदा बाबांना म्हणाली, “बघा, इथं बायका माहेर सोडत नाहीत.” बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “आणि इथं बायका एवढं बोलतही नाहीत.” ते खोटं होतं. आउम भरपूर बोलायची.

अशी माझी मजा चालली होती. शाळेत पंजाबी, मल्याळी, गढवाली मुलं. संक्रांतीला बर्फात हळदीकुंकू. तिळगूळ म्हणजे काय ते शिखांच्या बायकांना समजावून सांगणं. ‘कुझुझांगपो ला’ म्हणजे नमस्कार, ‘कादिन्छे ला’ म्हणजे आभारी आहे. मी घडाघडा बोलायला लागले. आणि दर रविवारी दुपारी आई दादाला पत्र लिहायची.

आमचा पत्ता म्हणजे बाबांचा नंबर, नाव, युनिट आणि ‘९९ ए.पी.ओ.’ त्यात ना गाव, ना देश. पत्र गावाहून यायला बारा-पंधरा दिवस सहज लागत. म्हणजे आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर महिन्यानं! “थंडी गेली का” असं विचारावं तर उत्तर येईपर्यंत उन्हाळा. आई चौथी शिकलेली, तिचं अक्षर मोठं, आंतरदेशीय पत्रावर चार ओळींतच जागा संपायची. मग शेवटी मला सांगायची, तू दोन ओळी लिही. मी लिहायची, ‘दादा, आज बर्फ पडला. दादा, मी याक पाहिला. दादा, तू असतास तर किती मज्जा आली असती.’ चौथीतल्या मुलीनं दुसरं काय लिहायचं? दादाची उत्तरं छोटी असत. ‘मी ठीक आहे. आजी ठीक आहे. सहामाहीत गणितात ८१ मिळाले. बैलाला लागलं होतं, आता बरं आहे.’

१९९९ चा मे महिना उजाडला आणि कारगिल सुरू झालं. आम्ही होतो पूर्वेला, लढाई पार पश्चिमेच्या टोकाला, पण कॅम्पात कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बहुतेकांचा कुणी भाऊ, दीर, जुना सोबती तिकडे होता. रात्री आठ वाजता सगळ्या क्वार्टर्समधून आकाशवाणीच्या बातम्यांचा एकच आवाज ऐकू यायचा. गंमत बघा, त्याच जूनमध्ये, दोन तारखेला, भूतानच्या राजाच्या राज्याभिषेकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या देशात पहिल्यांदा टेलिव्हिजन सुरू झाला, बाजारात सगळीकडे त्याचंच कौतुक. आणि इकडे आमच्या आया रेडिओला कान लावून बसलेल्या.

बाबांची सुट्टी रद्द झाली. जुलैच्या मध्यावर तार आली. दादाला टायफॉईड झाला होता, ताप उतरत नव्हता, लवकर निघा.

तार निघून चार दिवस झालेले. फोन लावायचा तर आमच्या गावात फोन एकाच घरी, आणि पावसात तो बंद. बाबांनी साहेबांना विचारलं, पण बाबांना त्या वेळी सुटता येणं शक्य नव्हतं. रात्री ते म्हणाले, चार दिवस थांबू, दुसरी खबर येऊ दे. आई काही बोलली नाही. तिनं ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागली. बाबा म्हणाले, “एकटी कशी जाशील?” ती म्हणाली, “एकटी कुठं? ही आहे की.”

मी दहा वर्षांची. पण मला हिंदी येत होतं, इंग्रजी पाट्या वाचता येत होत्या. आई त्याआधी कधी अमरावतीलासुद्धा एकटी गेली नव्हती.

तो प्रवास मी विसरणार नाही. घाटात दरड कोसळलेली. दंतकचे मजूर ती उपसत होते, आणि आम्ही गाडीत पाच तास बसून. फुंत्शोलिंगला रात्र. दुसऱ्या दिवशी न्यू जलपाईगुडी, तिथून दार्जिलिंग मेलनं सियालदा. सियालदाला सकाळी उतरलो, आणि आमची पुढची गाडी हावड्याहून, म्हणजे दुसरं स्टेशन, नदीच्या पलीकडे. बाबांनी सगळं कागदावर लिहून दिलं होतं. आईनं कागद माझ्या हातात दिला आणि पदराची गाठ मुठीत धरून माझ्यामागे चालू लागली. मी एका पोलिसाला विचारलं, त्यानं टॅक्सीत बसवून दिलं. हावड्याच्या पुलावरून जाताना मी ओरडले, “आई, बघ केवढा पूल!” तिनं पाहिलं नाही. तिचे ओठ हलत होते, बहुतेक नामस्मरण चाललं असावं. स्टेशनवर दिवसभर बसलो. रात्री मुंबई मेल, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बडनेरा. मग अमरावती, मग मोझरीची शेवटची एस.टी. ती ह्याच नांदगाव पेठेवरून गेली असणार. तेव्हा मला काय माहीत, पुढे आपलं सासर इथंच आहे!

घरी पोचलो तर दादा खाटेवर. ताप तीन दिवसांपूर्वी उतरला होता. डोक्याचे केस गेलेले, गाल बसलेले. आजी उशाशी. त्यानं आईकडे पाहिलं, आणि मैत्रिणींनो, तो काय म्हणाला असेल? “तुम्ही कशाला आल्या?” तुम्ही! आपल्या आईला त्याआधी तो कधी अहो-जाहो करत नव्हता. आजी म्हणाली, “तापानं पोट्टं बरळते.” पण तो तापात नव्हता.

आम्ही महिनाभर राहिलो. त्याच काळात, दोन ऑगस्टला, गैसालचा तो भयंकर रेल्वे अपघात झाला. बंगालमध्ये, दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्यांत आपले जवान कितीतरी. आम्ही बारा-तेरा दिवसांपूर्वी त्याच मार्गानं आलो होतो. आजोबा म्हणाले, आता परत जाऊच नका. आईला काय करावं सुचेना. इकडे मुलगा, तिकडे नवरा. नववधूसारखी ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

शेवटी दादाच म्हणाला, “आई, तू जा. मी राहतो. माझी शाळा आहे.” पुन्हा ‘तू’ म्हणाला, म्हणून आईला बरं वाटलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. केवढा समजूतदार मुलगा! मीही केलं. परतीच्या गाडीत, रात्री गैसालचा टप्पा आला असावा तेव्हा आईनं मला जागं केलं आणि घट्ट जवळ धरून बसली. मला वाटलं, अपघाताची भीती. आता दोन मुलांची आई झाल्यावर वाटतं, ती भीती नसावी.

२००१ मध्ये बाबांची बदली देशात झाली आणि आम्ही गावी आलो तेव्हा दारात मिसरूड फुटलेला, माझ्यापेक्षा हातभर उंच मुलगा उभा होता. त्यानं ट्रंका उतरवल्या. तो कुणाशी भांडला नाही, कुणाला टाकून बोलला नाही. शिकला, नोकरीला लागला, आता अकोल्याला असतो. बाबा गेल्यापासून आई त्याच्याकडेच आहे आणि सुखात आहे. पण भूतानचा अल्बम तिनं माझ्याकडे ठेवलाय. “तिकडे नको,” म्हणाली, “तुझ्याकडेच असू दे.” २०१७ साली डोकलामला आपलं आणि चीनचं सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभं होतं, तेव्हा टीव्हीवर सारखे नकाशे दाखवत. मी आईला फोन केला, “आई, हे आपल्या हाच्या पलीकडचंच गं!” आई म्हणाली, “हो,” आणि एकदम आवाज बदलून, “हे घे, दादाशी बोल.” दादा माझ्याशी पावसाबद्दल बोलला.

तर नणंद गेली आणि त्या रविवारी मी दादाला फोन लावला. चोवीस-पंचवीस वर्षांत जे कधी विचारलं नाही ते विचारलं. “दादा, तुला तेव्हा ठेवून गेलो, तुला काय वाटलं होतं?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “संध्याकाळी मी फाट्यावर जाऊन उभा राहायचो. नागपूर रोडनं मिलिटरीच्या गाड्या जायच्या, कामठीकडे. एखादी थांबेल असं वाटायचं. पहिलं वर्षच. मग सोडून दिलं.”

मला बोलता येईना. तोच पुढे म्हणाला, “टायफॉईड वगैरेचं काही नाही गं. आजी होती. आणि तुमचा रागही नव्हता. पण तुम्ही परत आल्यावर जेवायला बसलो की तिघं सुरू व्हायचे. आउम असं म्हणाली, बुखारी अशी पेटायची, लेंगा असा उभा राहिला. तिघंही हसायचे. मग मीही हसायचो. माझ्याकडे सांगायला काय होतं? बैलाला लागलं होतं एवढंच.”

मी त्याला नणंदेच्या मुलाचं सांगितलं. तो म्हणाला, “तिला सांग, त्या पोराला विचारा म्हणावं. आणि चारचौघांत विचारू नका. चारचौघांत तो ‘मी राहतो’ असंच म्हणेल.”

नणंदेला मी हे सगळं सांगितलं, आणि शिवाय चार कामाच्या गोष्टीही. १९९८ ची आणि आजची गोष्ट एक नाही. दादाच्या वेळी पुढच्या शाळेचीच अडचण होती. तेजपूरसारख्या मोठ्या छावणीच्या गावी केंद्रीय विद्यालय असतं. ह्या शाळा १९६३ पासून मुळात बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांसाठीच निघाल्या, बदली झाली तर मधल्या वर्षातही मूल दाखल करून घेतात. राज्याचं बोर्ड सोडून तिकडचा अभ्यास सातवी-आठवीत पकडता येतो. नववीनंतर खरोखर जड जातं, आणि मुलगा दहावीत असता तर मीसुद्धा ठेवून जा म्हटलं असतं. हिंदी-इंग्रजीची तयारी आतापासून करून घ्यावी. मराठी सुटेल ही सासूबाईंची भीती खरी आहे, माझंही शुद्धलेखन तिथून आल्यावर दोन वर्षं वाईट होतं. (आज मी अर्धवेळ का होईना, मराठीच शिकवते, तेव्हा त्यावर इलाज आहे!) बरोबर दोन-चार मराठी पुस्तकं न्यावी आणि आजीला पत्र मुलाकडूनच लिहवून घ्यावं, फोनवर नुसतं ‘कसा आहेस’, ‘बरा आहे’ होतं. आणि न्यायचं नाहीच असं ठरलं तर निदान परत आल्यावर जेवताना जरा जपून बोलावं.

आमचे हे हे सगळं ऐकत होते. म्हणाले, “मला हे कधी सांगितलं नाहीस.” मी म्हटलं, “मलाच कुठे माहीत होतं?”

परवा नणंदेचा फोन आला. सासरे अजून नाहीच म्हणताहेत, सासूबाई मात्र गप्प झाल्या आहेत. मुलाला तिनं एकट्याला, गच्चीवर नेऊन विचारलं. त्यानं आधी विचारलं, तिथे क्रिकेटला मैदान आहे का. मग विचारलं, क्लासचे भरलेले पैसे परत मिळतात का. मग खाली जाताना जिन्यात म्हणाला, “मी आलो तर आजीला वाईट वाटेल ना?” एवढ्यावर ते थांबलं आहे. एप्रिलला अजून वेळ आहे.

संक्रांतीला दादा आईला घेऊन आमच्याकडे येणार आहे. फोन ठेवताना म्हणाला, “तो अल्बम काढून ठेव. त्या तीन टेकड्या कुठल्या ते मला पाहायचं आहे.” मी तो माळ्यावरून काढला आहे. वरच्या दोन पानांना बुरशी लागलीय, ती कोरड्या फडक्यानं पुसून उन्हात ठेवली आहेत.